गिऱ्हाईक एकशे सतराचा डावा बूट

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, एका नव्या चित्रपटाच्या निमंत्रितांसाठीच्या खेळात, चौथ्या रांगेतली त्रेसष्ट वर्षांची एक बाई उठून उभी राहिली आणि पडद्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "निष्काळजीपणा नव्हता तो." पडद्यावर त्या वेळी काळ्यावर पांढरी अक्षरं होती. युद्धानंतर अकरा वर्षं फरार असलेल्या, कैद्यांच्या छळछावणीच्या प्रमुखाला पकडल्याची कथा दोन तास दहा मिनिटं दाखवून झाली होती आणि आता पुढे कोणाचं काय झालं ते एकेका वाक्यात येत होतं. खटला किती महिने चालला. शिक्षा कधी अमलात आली. पकडणाऱ्या पथकातला कोण कधी वारला. आणि मग चौथी ओळ: एका बूटवाल्याच्या निष्काळजीपणामुळे त्याचं लंगडणं उघड झालं, तो बूट आज युद्धसंग्रहालयात आहे. "ताई, बस खाली," शेजारचा भाऊ कुजबुजला. "लोक बघतायत." "बघू देत." "अगं, दिवे लागतील आता." दिवे लागले तेव्हाही ती उभीच होती. आपण कधी उठलो हे तिला कळलंच नव्हतं; डावा गुडघा हल्ली उठताना कुरकुरतो आणि या वेळी तो कुरकुरला नव्हता.

बूटवाला म्हणजे तिचे वडील. चित्रपटात त्यांना तीन मिनिटं होती. एक मळका, घामट माणूस, टेबलाखाली बाटली, एका हाताने बुटात चिंध्या कोंबतोय आणि दुसऱ्याने नाक पुसतोय. प्रेक्षक हसले. भाऊ दातांचा डॉक्टर. तो खेळ सुरू होण्याआधी म्हणाला होता की दाताच्या डॉक्टरला कोणी सिनेमात घेत नाही, आपल्या बापाला निदान घेतलं तरी, तू उगाच कपाळाला आठ्या घालू नकोस. त्या तीन मिनिटांत भाऊही हसला नाही, पण तो रागावलाही नाही हे तिला अंधारात जाणवलं. बुटाचं ते प्रकरण घडलं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि त्याला दुकानाच्या आतल्या खोलीत यायला आवडायचं नाही. सरसाच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं. त्यामुळे त्याला जे माहीत होतं ते सगळ्या जगाला माहीत होतं तेवढंच: बाबांनी हलका माल वापरला, बूट दोन दिवसांत आतून दबला, आणि त्यामुळे एक खुनी सापडला. घरात कोणी चुकून वात पेटवावी आणि बाहेर तोफ उडावी तशी ती गोष्ट भाऊ लग्नकार्यात सांगत असे, आणि लोक हसत.

तिला राग नेमका कशाचा आला हे ती बाहेर येईपर्यंत तपासत होती. चिंध्यांचा नाही. बाटलीचाही नाही, बाबा पीत नसत पण सिनेमावाल्यांना रंग भरावा लागतो. राग पहिल्या दृश्यापासूनचा होता. चित्रपटातला छावणीप्रमुख पहिल्या दृश्यापासून लंगडत होता. जिना उतरताना, बागेत, कारखान्याच्या दारात, कुठेही. नट चांगला होता, खांदा नेमका तेवढाच पाडत होता. पण खरा माणूस सात वर्षं एक पाऊलही लंगडला नव्हता. तो रोज सव्वासहाच्या बसने उतरून चारशे पावलं चालत घरी जायचा आणि त्याच्या चालीत खोट काढून दाखव म्हटलं असतं तर डॉक्टरलाही जमलं नसतं. डाव्या मांडीचं हाड तोफगोळ्याने मोडून आखूड जुळलेलं, पाय चौतीस मिलीमीटर तोकडा, आणि तरी खांदे पाण्याच्या रेषेसारखे सरळ. ते बाबांचं काम होतं. चौतीस मिलीमीटरचं बूच, म्हणजे बुचाच्या सालीची हलकी पाचर, अख्खं बुटाच्या आत, उंच घोट्याआड लपवलेलं. बाहेरून आकार असा उतरवलेला की दोन्ही बूट शेजारी ठेवले तरी फरक सापडू नये. अधू पायाचे बूट करणारे त्या काळी शहरात आठ जण होते, आणि सात जण जाड तळव्याचा ठोकळा ठोकून मोकळे होत. लंगडा माणूस शोधणारी माणसं सात वर्षं त्याच्या शेजारून गेली असतील. आमच्या दुकानाने त्याला लपवला, असं तिच्या मनात आलं की त्याला लागूनच तो जुना अभिमान वर यायचा, आणि त्याची तिला लाज वाटायची, आणि लाज वाटूनही तो कमी व्हायचा नाही. शेवटच्या वर्षी त्या बुटांची शिवण तिची होती.

दुकानाचा एक नेम होता, बाबांनी घातलेला. गिऱ्हाइकाचं नाव वहीत लिहायचं नाही. आकडा, पायाचा आराखडा, मापं, बस. माणूस पडद्याआड मोजे काढतो तेव्हा तो जे दाखवतो ते त्याने बायकोलाही नीट दाखवलेलं नसतं, असं बाबा म्हणत. आकसलेली बोटं, नसलेली टाच, भाजलेला तळवा. पडद्याआडचं पडद्याबाहेर न्यायचं नाही. रस्त्यात गिऱ्हाईक भेटलं तर त्याने ओळख दिल्याशिवाय आपण द्यायची नाही. एकशे सतरा, म्हणजे तोच छावणीप्रमुख, ओळख द्यायचा. टोपी उचलायचा. लोखंडी पलंगांच्या कारखान्यात देखरेखीचं काम करतो म्हणायचा, नखं स्वच्छ, बोलणं अदबीचं, तिला "कारागीरसाहेब" म्हणून चिडवायचा, आणि एकोणीस वर्षांच्या तिला ते आवडायचं. हे तिने कोणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षीच्या एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, फरार छावणीप्रमुखाला शोधणाऱ्या पथकातले दोघे जण दुकानात आले. एकाने काउंटरवर कागद ठेवला: डावी मांडी मोडलेली, अमुक साल, पाय दोन बोटांइतका आखूड. दुसऱ्याने फोटो ठेवला. छावणीचं मैदान, बर्फ, माणसांच्या दोन ओळी, आणि ओळींसमोर गणवेशातला एक माणूस, चेहरा सावलीत. "ओळखता?" त्याने विचारलं. बाबांनी चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी भिंग घेतलं आणि पायांकडे पाहिलं. ती शेजारी उभी होती म्हणून तिलाही दिसलं. दोन्ही ओळी अनवाणी होत्या. बाबा एकेक पाय बघत गेले, वहीत आराखडा काढण्याआधी बघत तसे, न घाई करता, डावीकडून उजवीकडे. काही बोटं काळी पडली होती. सगळ्यात शेवटी ते बुटांवर आले. डाव्या बुटाखाली ओबडधोबड ठोकळा. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आमच्याकडे पडद्याआडचं बाहेर सांगत नाहीत," ते म्हणाले. दोघांतला वयाने मोठा होता तो हसला, पण हसण्यासारखं नाही. "आमचा माणूस आहे एक, सहा आठवडे बघतोय त्याला. वय जुळतं, उंची जुळते. पण तो सरळ चालतो हो. रविवारपर्यंत काही मिळालं नाही तर शोध सोडून परत या म्हणून हुकूम आहे. म्हणून विचारतोय." बाबांनी फोटो त्याच्याकडे सरकवला. "झोप लागते का तुम्हाला नीट?" "आजपर्यंत लागत होती," बाबा म्हणाले. ते दोघे फोटो घेऊन गेले. पैकी धाकट्याने दार आपटलं नाही, हळू ओढून घेतलं, हे तिला आजही आठवतं आणि आपटलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं.

एकशे सतराचे नवे बूट गुरुवारी द्यायचे होते. मंगळवारी दुपारी बाबा म्हणाले, "बूच काप. बावीस." तिने वही उघडली. "चौतीस आहे." "बावीस काप." "बाबा, वहीत चौतीस..." "मला वाचता येतं." मग त्यांनी कपाटाच्या वरच्या खणातून नमदा काढला, घोड्याच्या खोगिराखाली घालतात तसला जाड, मऊ, आणि त्याचे तीन थर कापून बुचावर बसवले. वर चामड्याचं अस्तर. मोजलं: चौतीस. तिने हात घालून अंगठा दाबला आणि तिला समजलं. दुकानातल्या गालिच्यावर चार पावलं टाकली तर नमदा टिकणार होता. रस्त्यावर दोनेक दिवसांत दबून बसणार होता. बारा मिलीमीटर. सात वर्षं सरळ चालायची सवय झालेल्या कमरेला बारा मिलीमीटर म्हणजे जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं. बाबांनी कोणाला एक शब्द सांगितला नव्हता. पडद्याआडचं काही बाहेर गेलं नव्हतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते रापीला धार लावत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा वाईट बूट करत होते, आणि तो त्यांनी केलेला सगळ्यात अवघड बूट होता. चांगला बूट फक्त चांगला असावा लागतो. हा दोन दिवस चांगला असायला हवा होता.

गुरुवारी तो आला, गालिच्यावर चालला, आरशात पाहिलं. "जरा तरंगल्यासारखं वाटतंय." "नवा आहे. आठ दिवसांत बसेल," बाबा म्हणाले. जगातला प्रत्येक बूटवाला रोज म्हणतो ते वाक्य. जुना जोड टाचा बदलायला ठेवून एकशे सतराने टोपी उचलली आणि "येतो, कारागीरसाहेब," असं तिला म्हणाला. शुक्रवारी त्याचा फोन आला, काहीतरी बिघडलंय. "सोमवारी या, बघतो," बाबा म्हणाले. शनिवारी संध्याकाळी सहा अठराला, बसथांब्यापासून दोनशेव्या पावलाच्या आसपास, तो लंगडत चालला असताना पथकाने त्याला गाडीत घातलं. रविवारी हे कोणालाच माहीत नव्हतं. रविवारी बाबांनी दुकान उघडून एकट्याने चौतीस मिलीमीटरचं नवं बूच कापलं, घासलं, अस्तर लावलं आणि टेबलावर ठेवलं. तिने विचारलं, हे कशाला. "सोमवारी आला तर? माझी शंका खोटी असेल तर त्या माणसाची कंबर का मोडायची?" ते बूच तिथे आठवडाभर होतं. एका फोटोवरून आणि एका आखूड हाडावरून त्यांनी निर्णय घेतला होता आणि त्या निर्णयात परत फिरायला बारा मिलीमीटर जागा ठेवली होती. तिला त्यांचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो त्या रविवारचा. त्याबद्दल कोणाला कसं सांगायचं हे तिला चव्वेचाळीस वर्षांत सुचलेलं नाही. बुटाची गोष्ट सांगता येते. टेबलावर पडून राहिलेल्या बुचाची गोष्ट कशी सांगणार?

खटल्यात बचावाच्या वकिलाने बाबांना विचारलं, हा बूट तुम्ही मुद्दाम बिघडवलात का. बाबांनी शपथेवर उत्तर दिलं: "नाही. माल हलका निघाला. चूक झाली." कोर्टातल्या तज्ज्ञाने बूट उघडला होता आणि नमदा बघून लिहिलं होतं, निकृष्ट भरण. तो तज्ज्ञ सैनिकी बूट करणारा होता. हजाराच्या हजार, एका मापाचे. अधू पायाचे बूट करणारा कोणी असता तर त्याने नमद्याचे ते तीन थर, कडा तासून एकावर एक बसवलेले, बघितले असते आणि खुर्चीवरून उठला असता. हलका माल वापरणारा कडा तासत नाही. घरी येताना ती बाबांशी भांडली. "खरं का नाही सांगितलंत? मान खाली घालून आलात." बाबांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "चुकणाऱ्याकडे माणूस परत येतो गं," ते म्हणाले. "रागावतो, पण येतो. बिघडवणाऱ्याच्या हातात पाय कोण देईल?" त्यानंतर दोन वर्षं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. बाबा सगळ्यांना सांगत, हो, चूक झाली. ते इतकं सरळ सांगत की हळूहळू लोक परतले. ते गेले तेव्हा दुकान पुन्हा भरलेलं होतं, आणि तेव्हापासून ते ती चालवत होती. ते शब्द त्यांनी स्वतः निवडले होते, स्वतःच्या अंगावर घातले होते, आणि ती चव्वेचाळीस वर्षं ते सांभाळत आली होती, मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांपर्यंत. चूक हा शब्द त्यांचा होता. निष्काळजीपणा हा नव्हता. चूक झालेल्या माणसाला तोंड दाखवता येतं. निष्काळजी माणसाला आपण काय केलं तेच माहीत नसतं. आणि बाबांना माहीत होतं, मिलीमीटरपर्यंत.

दिवे लागल्यावर दिग्दर्शक स्वतः तिच्याकडे आला. तिशीचा, झोप न झालेला, सभ्य. मागे दोन वार्ताहर. "काकू, कोर्टाच्या नोंदी तुमच्या वडिलांच्याच तोंडच्या आहेत." "तोंडच्या आहेत. हातच्या नाहीत." "म्हणजे?" "मुद्दाम केलं त्यांनी." भावाने तिचा दंड धरला. "ताई, काय बोलतेस?" दिग्दर्शकाने वार्ताहरांकडे एकदा पाहिलं. "पुरावा?" "संग्रहालयात आहे. बूट उघडा." "शुक्रवारी चित्रपट लागतोय. संग्रहालय तोवर काच पुसायचीही परवानगी देणार नाही." त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही तिथे होतात?" "बूच मी कापलं." त्याने हिशेब केल्यासारखं डोळे मिटले. मग म्हणाला, तुम्ही लिहून द्या, सहीनिशी. गुरुवारी संध्याकाळी सातपर्यंत. मी शेवटची ओळ बदलतो. दृश्य बदलणं आता शक्य नाही, बाटली राहील. "बाटली राहू दे," ती म्हणाली.

गाडीत भाऊ सिग्नलला थांबला आणि हिरवा झाला तरी निघेना. मागून हॉर्न वाजले. "मला का नाही सांगितलं कधी?" "तू तोंडं उघडायला लावतोस लोकांना. तुझ्याकडे कसं राहिलं असतं?" तो हसला, मग त्याचे डोळे भरले, मग त्याने गिअर टाकला. "बाबा असे होते?" "असेच होते." "आणि मी लग्नात सांगत होतो..." "चांगलं सांगायचास. लोक हसायचे. बाबांना चालायचं." घरी उतरताना तो म्हणाला, "सही कर. पण दुकानाचा विचार करून कर." तोच विचार ती करत होती. बुधवारच्या वर्तमानपत्रात सहा ओळी आल्या: चित्रपटाच्या खास खेळात वृद्धेचा आक्षेप, बूट मुद्दाम बिघडवल्याचा दावा. वृद्धा हा शब्द तिला खटकला. बाकी बातमी अचूक होती.

गुरुवारी साडेपाचला मास्तर आले. निवृत्त शिक्षक, लहानपणच्या तापात उजवा पाय बारीक झालेला, एकतीस वर्षांचं गिऱ्हाईक. "माझा उजवा पाय तुमच्या घरचा जावई आहे, लाड पुरव त्याचे," असं दर खेपेला म्हणायचे. आज म्हणाले नाहीत. त्यांचे नवे बूट तिने टेबलावर ठेवले. शेजारी दिग्दर्शकाने पाठवलेला कागद होता, कोरा, खाली सहीची रेघ.

"पेपरात ते तुझंच ना?"

"माझंच."

"खरं आहे?"

"खरं आहे, मास्तर."

त्यांनी उजवा बूट उचलला, उलटा केला, सरळ केला, आणि आत हात घालून टाचेच्या जागी अंगठा दाबला. एकतीस वर्षांत त्यांनी हे केलं नव्हतं. ते बघत नव्हते असं नाही. त्यांना ते करायचं सुचलंच नव्हतं. तिने तो अंगठा चामड्याआड हलताना पाहिला. याच अंगठ्याला बाबा घाबरत होते. कोर्टाला नाही, वकिलाला नाही.

"उघडून दाखवते," ती म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

"नको." त्यांनी हात बाहेर काढला आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा खिशात घातला. "एक विचारू? तू मनात आणलंस तर मला कळेल का?"

तिला खोटं बोलता आलं असतं. म्हातारे मास्तर, त्यांना दोन वाक्यांत धीर देता आला असता. तिच्या हातांना मात्र तो प्रश्न वेगळा ऐकू आला; कामाबद्दल विचारलं की खरं सांगायचं, एवढंच ते हात शिकले होते.

"नाही," ती म्हणाली. "कळणार नाही. माझ्या हातचं असेल तर नाही."

मास्तरांनी दुसऱ्या हातातला बूट टेबलावर ठेवला. "तुझ्या बापाने हे सांगितलं नसतं."

"नसतं सांगितलं."

"मग तू का सांगतेस?"

"त्यांना सांगता आलं नाही म्हणून. त्यांनी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी जे केलं ते या शहरात दुसऱ्या कोणाला जमलं नसतं, मास्तर. चुकून तर नाहीच नाही."

तिचा आवाज चढला होता. आवाज चढल्याचं तिला वाईट वाटलं नाही. मास्तरांनी मान हलवली, ती हो म्हणून की नुसतीच, ते समजलं नाही. जुनेच बूट पायात ठेवून, नव्यांचं खोकं काखेत मारून ते निघाले. दारात म्हणाले, "बघतो." सहा वाजून दहा मिनिटांनी तिने कागदावर लिहिलं: "माझ्या वडिलांनी तो बूट जाणूनबुजून तसा केला. मालात दोष नव्हता, हातात दोष नव्हता. बूच मी कापलं. नमद्याचे तीन थर आहेत, कडा तासलेल्या आहेत, कोणाही जाणकाराला दाखवा." सही केली. वाचलं, आणि रेघेखाली आणखी एक ओळ घातली: "माणूस चुकीचा निघाला तर सोमवारी बदलून द्यायला दुसरं बूच त्यांनी तयार ठेवलं होतं." सहा चाळीसला कागद पाठवला. दिग्दर्शकाचं उत्तर आलं: मिळालं.

शुक्रवारी सकाळी नऊला दुकान उघडलं. नऊ वीसला एका बाईने फोन करून मुलाचं माप पुढे ढकललं; कारण सांगितलं नाही. चित्रपटाचा पहिला खेळ अकराला होता, आणि पडद्यावर कोणती ओळ येणार ते कोणी कळवलं नव्हतं. नऊ चाळीसला मास्तर समोरच्या फुटपाथवरून गेले. त्यांनी आत पाहिलं नाही. फुटपाथला लागून मालाची गाडी उभी होती, त्यामुळे काचेतून त्यांचं फक्त कमरेवरचं शरीर दिसत होतं. पायात नवे बूट होते की जुने, हे तिला कळायला मार्ग नव्हता. खांदे एका रेषेत होते, डोकं वरखाली होत नव्हतं, चाल घाईची नव्हती आणि जड नव्हती. दोन्ही जोड तिनेच केलेले होते. चालीवरून फरक कळणं शक्य नव्हतं.